सीडी-डीव्हीडीलेखन : तंत्र, पद्धत आणि जतन

संगणकातील मजकूर, ध्वनी, छायाचित्रे किंवा चलच्चित्रे लेझर किरणांच्या साहाय्याने तबकडीवर उमटविण्याच्या क्रियेला तबकडीलेखन म्हणतात. बोलण्यात तिला 'सीडी राइट करणे' किंवा 'बर्न करणे' असे म्हटले जाते. पेन ड्राइव्ह, मोबाइल आणि इंटरनेटवरील साठवण यांमुळे या क्रियेचा रोजचा वापर आता मागे पडला आहे. नव्या लॅपटॉपमध्ये तबकडीचा कप्पाही नसतो. तरीही न्यायालयात सादर करावयाचे चित्रीकरण, रुग्णालयातून मिळणारे स्कॅन, जुन्या गाडीतील संगीतयंत्र आणि घरगुती दस्तऐवजांचे जतन अशा अनेक कारणांसाठी ती आजही करावी लागते.

गोव्याच्या दृष्टीने या विषयाला आणखी एक पैलू आहे. गावोगावच्या जत्रा आणि कालोत्सवांतील हौशी मराठी नाटके, दशावतारी काले, भजनी सप्ताह, लग्न-मुंजी यांची या शतकाच्या पहिल्या दशकातील चित्रीकरणे मुख्यतः व्हीसीडी आणि डीव्हीडीवरच लोकांच्या हाती आली. त्यांपैकी कितीतरी चित्रीकरणांची दुसरी प्रत कोठेही नाही. रंगमंचावरील एखाद्या जाणत्या नटाचे काम किंवा घरातील वडीलधाऱ्यांचा आवाज आज कपाटातल्या एकाच तबकडीवर उरलेला असतो. त्यामुळे तबकडी लिहावी कशी, याबरोबरच ती टिकते किती आणि वाचवावी कशी, हेही जाणून घेणे आवश्यक ठरते.

तबकडीची रचना

सीडी फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी संयुक्तपणे विकसित केली आणि १९८२ साली ती बाजारात आली. तिचा व्यास १२ सेंटिमीटर, जाडी १.२ मिलिमीटर आणि मधले छिद्र १५ मिलिमीटरचे असते. कारखान्यात छापलेल्या सीडीवर सूक्ष्म खळग्यांची एक सर्पिल रेषा असते. ही रेषा आतून बाहेर जाते. खळगा आणि सपाट भाग यांच्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशातील फरकावरून यंत्र शून्य आणि एक या अंकांची माला ओळखते.

घरी लिहिता येणाऱ्या सीडी-आर तबकडीत खळगे नसतात. पारदर्शक पॉलिकार्बोनेटच्या चकतीवर सेंद्रिय रंगद्रव्याचा पातळ थर, त्यावर चांदी किंवा अन्य धातूचा परावर्तक थर आणि त्यावर संरक्षक लेप, अशी तिची रचना असते. लिहिताना लेझरच्या उष्णतेने रंगद्रव्यात ठिकठिकाणी कायमचा बदल घडतो. हे ठिपकेच खळग्यांचे काम करतात. 'बर्न' म्हणजे जाळणे हा शब्द या उष्णतेवरूनच आला.

सीडीच्या बाबतीत माहितीचा थर छापील नावाच्या बाजूला, केवळ लेपाखाली असतो. म्हणून सीडीची चकचकीत बाजू जपणारे आपण तिच्या वरच्या बाजूवर बॉलपेनने नाव लिहितो, तेव्हा खरी इजा तेथेच होते. डीव्हीडीत माहितीचा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये सुरक्षित असतो. मात्र या चकत्या ज्या चिकट द्रव्याने जोडलेल्या असतात, ते सुटू लागले की डीव्हीडीही निकामी होते.

प्रकार आणि क्षमता

सीडी-आर, डीव्हीडी-आर आणि डीव्हीडी प्लस आर या तबकड्यांवर एकदाच लिहिता येते. आरडब्ल्यू ही अक्षरे असलेल्या तबकड्या पुसून पुन्हा वापरता येतात. त्यांत रंगद्रव्याऐवजी एक मिश्रधातू असतो आणि तापमानानुसार तो स्फटिकरूप किंवा अस्फटिकरूप होतो. साधारण एक हजार वेळा त्या पुन्हा लिहिता येतात असे मानले जाते. तात्पुरत्या कामासाठी त्या सोयीच्या आहेत, दीर्घकालीन जतनासाठी नाहीत. डीव्हीडीच्या 'आर' आणि 'प्लस आर' या दोन जातींत सामान्य वापरकर्त्याला फारसा फरक जाणवत नाही. अलीकडचे सर्व रायटर दोन्ही लिहितात. जुन्या प्लेअरमध्ये चालवायची असल्यास डीव्हीडी-आर निवडणे सोयीचे.

सीडीची क्षमता ७०० एमबी किंवा ८० मिनिटांचा ध्वनी इतकी असते. एकेरी थराच्या डीव्हीडीवर ४.७ जीबी, तर दुहेरी थराच्या डीव्हीडीवर ८.५ जीबी मावतात. येथे एक घोटाळा नेहमी होतो. उत्पादक १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट असे मानतात, तर विंडोज प्रणाली १०२४ च्या पटीत मोजते. त्यामुळे ४.७ जीबीची डीव्हीडी विंडोजमध्ये ४.३८ जीबीची दिसते. ४.५ जीबी दिसणारे फोल्डर तिच्यावर मावत नाही. यात तबकडीचा दोष नसतो.

वेगाचे आकडेही दोन्हींसाठी वेगळे आहेत. सीडीचा एकपट वेग म्हणजे सेकंदाला १५० केबी, तर डीव्हीडीचा एकपट वेग म्हणजे सेकंदाला सुमारे १.३८ एमबी. म्हणून १६ पट वेगाची डीव्हीडी ही ५२ पट वेगाच्या सीडीपेक्षा प्रत्यक्षात बरीच जलद लिहिली जाते.

लेखनासाठीची सॉफ्टवेअरे

विंडोज एक्सपी या २००१ सालच्या प्रणालीपासून सीडीलेखनाची आणि व्हिस्टापासून डीव्हीडीलेखनाची सोय विंडोजमध्येच आहे. आयएसओ फाइल तबकडीवर उतरविण्याची सोय विंडोज ७ पासून आली. साध्या कामासाठी वेगळे सॉफ्टवेअर घेण्याची गरज नाही.

अधिक नियंत्रण हवे असल्यास स्वतंत्र सॉफ्टवेअरे आहेत. नीरो बर्निंग रॉम हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध नाव. रोम शहराच्या आगीशी जोडल्या गेलेल्या नीरो या सम्राटाच्या नावावर त्यात कोटी केलेली आहे. ते विकत घ्यावे लागते. इमगबर्न आणि सीडीबर्नर एक्सपी ही विंडोजवरील विनामूल्य सॉफ्टवेअरे होत. इमगबर्नची शेवटची आवृत्ती २०१३ सालची असली तरी ती अजूनही वापरात आहे. लिनक्सवर केथ्रीबी आणि ब्रासेरो ही सॉफ्टवेअरे प्रचलित आहेत. मॅक संगणकावर फाइंडरमधूनच तबकडी लिहिता येते. विनामूल्य सॉफ्टवेअर शक्यतो मूळ निर्मात्याच्या संकेतस्थळावरूनच घ्यावे आणि स्थापनेच्या वेळी सोबत येणाऱ्या अन्य सॉफ्टवेअरपुढील खुणा काढून टाकाव्यात.

लॅपटॉपला कप्पा नसेल तर यूएसबीवर चालणारा बाहेरचा डीव्हीडी रायटर मिळतो. तो थेट लॅपटॉपच्या पोर्टला जोडावा. हबमार्फत जोडल्यास पुरेशी वीज न मिळाल्याने लेखन मध्येच तुटू शकते.

माहितीची तबकडी लिहिण्याची पद्धत

छायाचित्रे, दस्तऐवज, ध्वनिफिती अशा फाइली जशाच्या तशा ठेवण्यासाठी जी तबकडी लिहिली जाते, तिला डेटा डिस्क म्हणतात. विंडोजमधील क्रम पुढीलप्रमाणे :

१. सर्व फाइली संगणकाच्या हार्ड डिस्कवर एका फोल्डरमध्ये गोळा कराव्यात. पेन ड्राइव्ह, मोबाइल किंवा नेटवर्कवरून थेट लेखन करू नये. माहितीचा पुरवठा अडखळला तर पूर्वी तबकडी वाया जात असे. २००० सालानंतरच्या रायटरमध्ये यावर संरक्षण आले आहे, तरीही सावधगिरी बरी.

२. फोल्डरचा एकूण आकार पाहावा. तबकडी काठोकाठ भरू नये. सर्वांत बाहेरच्या कडेलाच लेखनातील चुका अधिक आढळतात आणि बोटांचा स्पर्शही तेथेच होतो.

३. कोरी तबकडी घातल्यावर विंडोज दोन पर्याय देते. 'यूएसबी फ्लॅश ड्राइव्हप्रमाणे' हा पहिला आणि 'सीडी-डीव्हीडी प्लेअरसह' हा दुसरा. पहिल्या पर्यायात फाइली हव्या तेव्हा भरता आणि काढता येतात, पण अशी तबकडी अन्य यंत्रांत बहुधा चालत नाही. दुसऱ्याला देण्यासाठी किंवा जतनासाठी नेहमी दुसरा पर्याय निवडावा.

४. फाइली तबकडीच्या खिडकीत ओढून टाकाव्यात आणि 'बर्न टू डिस्क' ही आज्ञा द्यावी. विंडोज ११ मध्ये ती ड्राइव्हवर उजवी कळ दाबून 'शो मोअर ऑप्शन्स' येथे सापडते.

५. तबकडीचे नाव आणि वेग निवडावा. कमाल वेग टाळावा. १६ पट क्षमतेच्या डीव्हीडीसाठी ८ पट, तर सीडीसाठी १६ ते २४ पट वेग योग्य. वेग जितका कमी तितकी तबकडी चांगली, हा समज मात्र बरोबर नाही. आधुनिक तबकड्यांची रंगद्रव्ये मध्यम वेगासाठी बनविलेली असतात आणि अगदी मंद वेगाला त्यांवरचे लेखन अनेकदा बिघडते.

६. लेखन चालू असताना संगणक झोपेच्या अवस्थेत जाणार नाही आणि वीज जाणार नाही, हे पाहावे. पावसाळ्यात यूपीएस नसलेल्या संगणकावर हे काम न काढणे उत्तम.

तबकडीवर पुढेही भर घालायची असल्यास स्वतंत्र सॉफ्टवेअरमध्ये 'मल्टिसेशन' हा पर्याय असतो. काम पूर्ण झाल्यावर तबकडी 'फायनलाइज' करावी, म्हणजे तिच्यावर समाप्तीची खूण लिहिली जाते. ही खूण नसलेली तबकडी घरच्या संगणकावर उघडते, पण दुसरीकडे कोरी दिसते. 'तुम्ही दिलेली सीडी रिकामी आहे' अशी जी तक्रार येते, तिचे मूळ बहुधा येथेच असते.

देवनागरी नावांचा प्रश्न

फाइलींची नावे मराठीत ठेवणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सीडीवरील फाइलरचनेचे मूळ मानक आयएसओ ९६६० हे १९८८ सालचे आहे. त्यात केवळ रोमन मोठी अक्षरे, अंक आणि अधोरेषा यांनाच जागा आहे. मायक्रोसॉफ्टने त्याला जोडलेल्या 'जोलिएट' या पुरवणीमुळे युनिकोड नावे शक्य झाली. मात्र तिच्यात नावाची मर्यादा ६४ चिन्हांची आहे.

देवनागरीत ही मर्यादा लवकर संपते. 'ज्ञानेश्वरी' या शब्दात आपल्याला चार अक्षरे दिसतात, पण युनिकोडच्या दृष्टीने त्यात व्यंजने, हलन्त खुणा आणि मात्रा मिळून ११ चिन्हे होतात. लांब नावे ठेवल्यास ती मध्येच तोडली जातात. म्हणून 'यूडीएफ' ही फाइलरचना निवडावी किंवा नावे आखूड ठेवावीत. मूळ रचनेत एका फाइलला ४ जीबीची मर्यादाही असते. मोठी चित्रफीत ठेवायची असेल तर त्या कारणानेही यूडीएफच हवी. जुन्या गाडीतील किंवा घरातील प्लेअर देवनागरी नावांऐवजी चौकोन दाखवितात. अशा यंत्रांसाठी रोमन लिपीत नाव आणि त्याच्या आरंभी दोन अंकी क्रमांक द्यावा.

गाणी आणि चित्रफिती

एमपी३ गाण्यांच्या फाइली डेटा डिस्क म्हणून लिहिल्या, तर एका सीडीवर शंभराहून अधिक गाणी मावतात. ऑडिओ सीडी लिहिली, तर मात्र ८० मिनिटेच. कारण तेथे ध्वनी न आकसता, सेकंदाला ४४,१०० नमुने या प्रमाणात लिहिला जातो. मूळ एमपी३ फाइल कितीही लहान असली, तरी तिचा कालावधी हाच हिशेब. एमपी३ न ओळखणाऱ्या जुन्या संगीतयंत्रासाठी सॉफ्टवेअरमधील 'ऑडिओ सीडी' हाच पर्याय निवडावा लागतो. एमपी३ करताना गमावलेला ध्वनीचा दर्जा ऑडिओ सीडी केल्याने परत येत नाही.

चित्रफितीचेही तसेच. मोबाइलवरील एमपी४ फाइल डीव्हीडीवर नुसती उतरविली, तर ती संगणकावर दिसते, पण जुना प्लेअर ती नाकारतो. प्लेअरसाठी डीव्हीडी व्हिडिओ तयार करावी लागते. तीत चित्रफीत एमपेग-२ या स्वरूपात आणि ठरावीक नावांच्या फोल्डरमध्ये असते. डीव्हीडीस्टायलर हे विनामूल्य सॉफ्टवेअर हे काम करते. भारतासाठी त्यात 'पाल' ही पद्धत निवडावी. तिचे चित्र ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे आणि गती सेकंदाला २५ चौकटींची असते. एका साध्या डीव्हीडीवर चांगल्या दर्जाची तासाभराची किंवा मध्यम दर्जाची दोन तासांची चित्रफीत बसवावी. तीन अंकी नाटक एकाच तबकडीत कोंबले की चेहरे धूसर होतात. त्यापेक्षा दोन तबकड्या कराव्यात.

पडताळणी

लेखन यशस्वी झाल्याचा संदेश आला, म्हणजे तबकडी वाचता येतेच असे नाही. इमगबर्न, केथ्रीबी आदी सॉफ्टवेअरांत 'व्हेरिफाय' असा पर्याय असतो. त्यात लिहिलेली तबकडी पुन्हा वाचून मूळ फाइलींशी ताडली जाते. त्यासाठी जवळजवळ लेखनाइतकाच वेळ लागतो, परंतु हा वेळ वाचवू नये. शक्य असल्यास दुसऱ्या संगणकातही तबकडी उघडून पाहावी.

फाइलीचे हॅश मूल्य काढून ठेवणे ही आणखी पक्की पद्धत होय. एसएचए-२५६ सारख्या गणिती सूत्राने फाइलीची एक ठरावीक लांबीची खूण तयार होते. फाइलीतील एक बिटही बदलला तरी ती खूण बदलते. विंडोजमध्ये 'सर्टयुटिल' या आज्ञेने ती काढता येते.

न्यायालयीन कामात या खुणेला आता कायदेशीर महत्त्व आले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेखाबरोबर प्रमाणपत्र द्यावे लागते. त्याच्या विहित नमुन्यात सीडी-डीव्हीडीचा उल्लेख असून हॅश मूल्य नोंदविण्याची जागाही आहे. पुरावा म्हणून तबकडी द्यायची असल्यास ती एकदाच लिहिता येणाऱ्या जातीची आणि फायनलाइज केलेली असावी. मूळ चित्रण असलेले यंत्रही जपून ठेवावे आणि पुढील कार्यवाही वकिलाच्या सल्ल्याने करावी.

रुग्णालयातून मिळणाऱ्या सीटी स्कॅन किंवा एमआरआयच्या तबकडीची प्रत करताना त्यातील सुटी चित्रे उचलू नयेत. त्या फाइली 'डायकॉम' या पद्धतीच्या असतात आणि सूचीच्या फाइलीसह संपूर्ण तबकडी उतरविली, तरच दुसऱ्या डॉक्टरांना त्या नीट पाहता येतात.

तबकडी का बिघडते?

लिहिलेल्या तबकडीचे शत्रू तीन : ऊन, उष्णता आणि दमटपणा. उन्हाने रंगद्रव्य फिके पडते. लेपात शिरलेल्या दमट हवेने धातूचा थर काळवंडतो. अमेरिकेतील राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत तबकड्या साठविण्यासाठी ४ ते २० अंश सेल्सिअस तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सांगितली आहे. कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात ही मर्यादा घरात पाळणे अशक्यच. बेलीझ या मध्य अमेरिकेतील उष्ण व दमट देशातील एका सीडीवर चक्क धातूचा थर खाणारी बुरशी आढळल्याचे २००१ साली शास्त्रज्ञांनी नोंदविले होते.

तरीही काही काळजी घेता येते. तबकड्या प्रत्येकी स्वतंत्र, कडक पेटीत उभ्या ठेवाव्यात. प्लास्टिकच्या पातळ पाकिटांची वही टाळावी, कारण दमट हवेत तबकडी पाकिटाला चिकटते. पेट्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवून त्या पुड्या वेळोवेळी बदलाव्यात. नाव पाण्यात विरघळणाऱ्या शाईच्या मऊ टोकाच्या मार्करने लिहावे. चिकटपट्टी लावू नये, कारण तिने तबकडीचा तोल बिघडतो. पुसताना मऊ सुती कापड मध्यापासून कडेकडे सरळ न्यावे, गोलाकार कधीही फिरवू नये.

जुन्या तबकड्यांचे स्थलांतर

तबकड्यांचा उद्योगही आता आटत चालला आहे. एकेकाळी जगातील मोठ्या तबकडी उत्पादकांत गणल्या जाणाऱ्या मोझर बेअर या भारतीय कंपनीच्या अवसायनाचा आदेश २०१८ साली निघाला. सोनीने लिहिता येणाऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबविले. तबकडी शाबूत राहिली तरी ती वाचणारे यंत्र उद्या सहज मिळेलच असे नाही. म्हणून एखादी जुनी तबकडी बिघडल्यावर नव्हे, चालू असतानाच तिच्यातील माहिती बाहेर काढावी.

त्यासाठी इमगबर्नमधील 'रीड' या पर्यायाने संपूर्ण डेटा तबकडीची किंवा डीव्हीडीची आयएसओ फाइल करून हार्ड डिस्कवर ठेवावी. अशी फाइल म्हणजे त्या तबकडीची हुबेहूब प्रतिकृती असते आणि विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ती तबकडीविनाही उघडते. ऑडिओ सीडीसाठी एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे विनामूल्य सॉफ्टवेअर वापरावे. एखादी तबकडी वाचताना अडखळली, तर ती स्वच्छ करून दुसऱ्या रायटरमध्ये घालून पाहावी. एका यंत्राला न वाचता आलेली तबकडी दुसरे यंत्र पुष्कळदा वाचते. लिनक्सवरील जीएनयू डीडीरेस्क्यू हे सॉफ्टवेअर खराब भाग वगळून आधी चांगला भाग वाचते आणि मग उरलेल्या भागाकडे पुनःपुन्हा वळते. ओरखडे घालविण्यासाठी टूथपेस्ट घासणे यांसारखे घरगुती उपाय एकमेव प्रतीवर करू नयेत.

व्यावसायिक चित्रपटांच्या डीव्हीडींना कुलूपबंदी असते. ती तोडून केलेली नक्कल कॉपीराइट कायद्याच्या २०१२ सालच्या दुरुस्तीमुळे गुन्हा ठरू शकते. स्वतः केलेल्या किंवा आपल्या घरच्या समारंभाच्या चित्रीकरणाला ही अडचण नाही. नाटकाचे चित्रण सार्वजनिक करण्यापूर्वी मात्र नाटककार आणि संस्था यांची अनुमती घ्यावी.

बाहेर काढलेल्या माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या घरी किंवा इंटरनेटवर असावी, हा जतनाचा सर्वमान्य दंडक आहे. प्रत्येक प्रतीसोबत कार्यक्रमाचे नाव, गाव, तारीख आणि त्यात दिसणाऱ्या माणसांची नावे लिहिलेली एक साधी मजकूर-फाइल ठेवावी. चित्र सुरक्षित राहिले, पण त्यातील माणसे कोण हे सांगणारे कोणी उरले नाही, तर ते जतन अर्धेच होते. ती नावे सांगू शकणारी माणसे आज घरात आहेत, तोवर त्यांना शेजारी बसवून कपाटातील तबकड्या एकेक करून लावाव्यात, हे या साऱ्या कामातले पहिले पाऊल होय.